कॅम्पला गटप्रमुख केलंय पण पोरं ऐकत नाहीत, लीडरशिप शिकायची कशी?

अहमदपूरची_लेक

नमस्कार सगळ्यांना. मी बीएस्सी सेकंड इयरला आहे, नांदेडला हॉस्टेलवर राहून शिकायले, गाव आमचं अहमदपूर तालुक्यात. पोस्ट जरा लांबणार आहे पण पूर्ण वाचा, दुसऱ्या कुणाला विचारावं तेच कळेना.

आमच्या कॉलेजचं एनएसएसचं (राष्ट्रीय सेवा योजनेचं) ७ दिवसाचं कॅम्प पुढच्या महिन्यात दत्तक गावात आहे. आम्ही ५० जण, त्यात १९ मुली. सरांनी दहा-दहाचे पाच गट पाडले, एका गटाची प्रमुख मला केलं आणि वर भोजन समिती पण माझ्याच गळ्यात. मी नको म्हणलं तर सर म्हणाले तुझ्यात लीडरशिप यायला पाहिजे, उद्या इंटरव्ह्यूला हेच विचारतात. परवा मिटिंग बोलावली तर गटातले माझ्यासकट चारच, चौघी पण मुली. ग्रुपवर मेसेज टाकते, सगळे बघतात, निळ्या खुणा दिसतात पण उत्तर एकाचं येत नाही. एक जण तर तोंडावर म्हणाला, स्वयंपाकाचं तू बघ की, आम्ही श्रमदान करतोत.

मला खरी भीती वेगळीच आहे. मागच्या वर्षी ३ जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती आमच्या वर्गाकडं होती, नाव माझं लावलं. माईक दोन पोरांनी घेतला, पाहुणे कोण आणायचे ते त्यांनीच ठरवलं, आम्ही मुलींनी रांगोळी काढली आणि खुर्च्या लावल्या. ५० रुपये प्रत्येकी वर्गणी होती, ती कुणाकडं किती जमा झाली, हाराला किती गेले, साउंडवाल्याला किती दिले, कुणीच कुठं लिहिलं नाही. कार्यक्रम झाल्यावर लोक मला विचारायलेत, पैशाचं काय केलंस. माझ्या हातात एक रुपया नव्हता आला हो. त्या दिवसापासून कुठलंही काम अंगावर आलं की पोटात गोळा येतो.

दुसरं म्हणजे सगळ्यांसमोर उभी राहिले की आवाज कापतो, आणि तोंडातून ‘करायलेत, जायलेत’ निघालं की मागून हसू येतं. वडील म्हणतात शिकायला पाठवलंय, पुढारपण करायला नाही. आई गावातल्या बचत गटाची सचिव आहे, ती काहीच म्हणत नाही, नुसती हसते.

तर मला हे विचारायचंय की लीडरशिप ही शिकून येते का ती काही जणांत असतेच, आणि पोरं ऐकत नसतील तर काय करायचं, ओरडायचं का सरांना सांगायचं, आणि हे सगळं करायला एखाद्या संघटनेत जावं लागतं का. कृपया खरं खरं सांगा.

गोदाकाठ

ताई, मी परभणी जिल्ह्यात झेडपीच्या शाळेवर आहे. कॉलेजला दोन कॅम्प केले, दुसऱ्याला भोजन समिती माझ्याकडंच होती म्हणून तुझी पोस्ट वाचून राहवलं नाही. भोजन समिती आली म्हणून मन लहान करू नको. कॅम्पातलं सगळ्यात अवघड काम तेच आणि सगळ्यात जास्त शिकवतं तेच. श्रमदानाला खड्डे दोन कमी खंदले तर कुणाला कळत नाही, जेवण एक तास लांबलं तर पन्नास माणसं तुझ्या तोंडाकडं बघतात.

आधी कागद घेऊन बस. पोरं ५० पण सर लोक, व्याख्यानाचे पाहुणे, गावातले येणारे-जाणारे धरून ६० धर. भाताला माणशी १०० ग्रॅम तांदूळ म्हणलं तर एका वेळेला ६ किलो, वरणाला तुरीची डाळ ४५ ग्रॅम म्हणजे पावणेतीन किलो, पोळी-भाकरीला माणशी १२० ग्रॅम पीठ धर म्हणजे ७ किलोच्या वर जातं. सकाळी सुशीला करणार असाल तर मुरमुरे ३ किलो, आणि कांदा जरा जास्तच आण. तिसऱ्या दिवसापासून पोरं जास्त खातात, टिकाव चालवून चालवून भूक वाढते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि तिथंच मी फसलो.

झालं असं की आमचं पीठ तिसऱ्या दिवशी संपलं. जवारी होती पण गावात लाईट नाही, गिरणी बंद. साडेसहा वाजले, चूल पेटलेली आणि परातीत काहीच नाही. मी नुसता चिडून उभा. सकाळीच दोन पोरांना सगळ्यांसमोर बोललो होतो, कामाला येत नाहीत, नुसते गावात फिरतात म्हणून. एक म्हातारी बाई आली आणि म्हणली, घरोघर पाच-पाच भाकरी मागा की, कोण नाही म्हणतंय. मला पहिल्या दारात तोंड उघडंना. ज्या दोघांना बोललो होतो तेच टोपलं घेऊन निघाले, कारण तीन दिवस फिरून फिरून त्यांना घर न घर माहीत झालं होतं, कुणाकडं पाहुणे आलेत, कुणाच्या घरी कोण आजारी आहे, सगळं. पाऊण तासात दोनशेच्या वर भाकरी आल्या, सोबत शेंगाची चटणी आणि एका घरून तर पातेलंभर आमटी. रात्री त्या दोघांची मी सगळ्यांसमोर माफी मागितली. सकाळी बोलताना सगळे होते तर माफी पण सगळ्यांसमोरच पाहिजे ना.

म्हणून सांगतो, कॅम्पच्या आधी गटातल्या बाकी नऊच्या नऊ जणांना एकेकटं भेट. ग्रुपवर टाकलेलं काम कुणाचंच नसतं. कट्ट्यावर, लायब्ररीबाहेर, जिथं सापडंल तिथं पाच मिनिटं बोल. कोण पहाटे उठतो, कुणाला गाडी चालवता येते, कुणाच्या घरचं किराणा दुकान आहे, कुणाला घरी कधीच काम पडलं नाही म्हणून लाज वाटतीय. हे शेवटचे लईजण असतात, ते आळशी नसतात, त्यांना भाजी चिरता येत नाही हे सांगायची लाज वाटते.

आणि पाळ्या नावानिशी लिहून भिंतीला लाव. ‘गट २, भांडी’ असं लिहायचं नाही, माणसाचं नाव लिहायचं. पहिल्या दिवसाची भांड्याची पाळी तुझ्या गटाची आणि त्यात पहिलं नाव तुझं. मुलींना चूल आणि पोरांना फावडं ही वाटणी पहिल्याच मिटिंगला मोडून काढ, पोरं चुलीपुढं बसतील आणि मुली टिकाव घेतील. नंतर मोडायला गेलीस तर मोडणार नाही.

रूम_नं_१४

वरच्या दादानं पाळीचं लिहिलं त्यावरून आठवलं. मी २०१६ ला लातूरला फर्स्ट इयरला होतो. मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं ते वर्ष, १२ एप्रिलला पहिली गाडी पोहोचली, पाच लाख लिटर पाणी घेऊन. त्याच्या आधी तर टाक्यांपाशी भांडणं होऊ लागली म्हणून कलम १४४, म्हणजे जमावबंदी, लावलं होतं शहरात. आमच्या बिल्डिंगमध्ये तीन मजल्यांवर चाळीसेक पोरं किरायानं राहायचो. टँकर कधी येईल भरवसा नाही, आला की जिना भरून बादल्या, ढकलाढकली, एकदा एकाचं डोकं फुटलं.

चाकूरकडचा एक पोरगा होता आमच्यात, वर्गात कधी तोंड उघडायचा नाही. त्यानं एके दिवशी काय केलं, ऑइलपेंटचा लहान डबा आणला आणि प्रत्येकाच्या ड्रमवर नंबर टाकला. दोनशे पानी वही घेतली, सुतळीनं जिन्याच्या कठड्याला बांधली, पेन पण सुतळीनंच. कुणी किती घागरी घेतल्या ते स्वतः लिहायचं आणि सही करायची. आणि स्वतःचा नंबर त्यानं शेवटचा टाकला. एवढंच सांगितलं, जो पाळी लिहितो त्यानं शेवटी भरायचं. दोन वेळा असं झालं की त्याच्यापर्यंत पाणी पोचलंच नाही, तो तसाच कॉलेजला आला.

वरच्या मजल्यावर एक तालमीतला दांडगा पोरगा होता, त्यानं एकदा दादागिरी केली, मला आधी पाहिजे म्हणून. हा काही बोलला नाही, नुसती वही त्याच्याकडं फिरवली. सकाळच्या तीन घागरींपुढं त्याचीच सही. तो दांडगा थोडा वेळ बघत उभा राहिला आणि बादली घेऊन परत वर गेला. मी तिथंच पायरीवर होतो, अजून डोळ्यासमोर आहे ते. पावसाळ्यापर्यंत परत कुणाला हात उचलावा लागला नाही.

ताई तुझी जयंतीची गोष्ट वाचली, तुझ्याकडं ती सुतळीची वही नव्हती एवढंच कमी पडलं. पैसे असोत, पाणी असो, भाकरी असोत, सगळ्यांना दिसंल अशा ठिकाणी लिहिलेलं असलं की ओरडायची गरजच पडत नाही.

अभ्यासिका_४५

माझं मत वेगळं आहे, राग मानू नका. मी संभाजीनगरला अभ्यासिकेत बसतो, चौथं वर्ष आहे. माझा रूममेट लीडरशिपच्या नादात तीन वर्षं एका भाऊच्या मागं फिरला. मोर्चाला पोरं जमव, वाढदिवसाला बॅनर लाव, बॅनरवर खाली ओळीनं बारके फोटो असतात बघा, त्यात ह्याचा एक. पाच विषय बॅक राहिले. भाऊचं तिकीट कटलं आणि ह्याला आता फोन पण उचलत नाहीत. त्याच्या बापानं दोन एकर गहाण टाकून शिकवलं होतं. त्यामुळं ताईच्या वडलांचं मला काही चुकीचं वाटत नाही. आपल्याकडं पाऊस दगा देतो, सोयाबीनला भाव नाही, घरच्यांचा जीव डिग्रीवर टांगलेला असतो. आधी पास व्हा, नोकरी धरा, मग काय लीडर व्हायचं ते व्हा.

एनएसएस_पीओ

मी एका ग्रामीण कॉलेजला नऊ वर्षं कार्यक्रम अधिकारी आहे. अभ्यासिकावाल्या मुलाचं दुःख खरं आहे, असे विद्यार्थी माझ्या वर्गात पण होऊन गेले आणि त्यांना वेळेत थांबवता आलं नाही याचं मला आजही वाईट वाटतं. पण दुसऱ्याच्या मागं फिरणं आणि स्वतः काम अंगावर घेणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, दोन्हीला एकच शब्द वापरला जातो म्हणून घरचे घाबरतात.

वेळेचा हिशोब सांगतो. एनएसएस सुरू झालं २४ सप्टेंबर १९६९ ला, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षात. दोन वर्षांत २४० तास आणि एक सात दिवसाचं निवासी शिबिर एवढंच त्यात मागितलेलं आहे. म्हणजे वर्षाला १२०, आठवड्याला सव्वादोन-अडीच तास. एवढ्यानं कुणी नापास होत नाही. नापास होतो तो रोज संध्याकाळ टपरीवर घालवणारा.

संघटनेत जावंच लागतं का, तर नाही. पूर्वीच्या १९९४ च्या विद्यापीठ कायद्यात कॉलेजच्या विद्यार्थी परिषदेवर वर्ग प्रतिनिधी गुणांवर घ्यायचे, त्याशिवाय एनएसएस, एनसीसी, खेळ, सांस्कृतिक यातले विद्यार्थी आणि दोन मुली प्राचार्य नेमायचे. २०१६ च्या कायद्यात विद्यार्थ्यांच्या मतदानाची तरतूद आली, पण मी आमच्या कॉलेजात मतपेटी अजून बघितलेली नाही आणि त्याची मला खंत आहे. तरी जागा आहेत. कॉलेजच्या आयक्यूएसीत, म्हणजे गुणवत्ता बघणाऱ्या अंतर्गत समितीत, एक विद्यार्थी असतो. महाविद्यालय विकास समितीत विद्यार्थी परिषदेच्या अध्यक्ष-सचिवाला जागा आहे. मी दरवर्षी वर्गात विचारतो आयक्यूएसीवर आपला विद्यार्थी कोण आहे, हात वर होत नाही, कधी कधी ज्याचं नाव लावलंय त्याला पण माहीत नसतं. बेटा, तू कॅम्पहून आलीस की ऑफिसात जाऊन हे विचार, आणि मिटिंगला बसायला मिळालं तर लायब्ररी रात्री किती वाजेपर्यंत उघडी पाहिजे एवढा एकच विषय घेऊन जा.

अर्ज लिहायला शिक, हे मी प्रत्येकाला सांगतो. विषय एक, मागणी एक, मागणी कुणाकडं आणि कधीपर्यंत ते स्पष्ट, खाली तीस जणांच्या सह्या. दोन प्रती न्यायच्या, एकीवर आवक नंबर आणि शिक्का घेऊन यायचा. पंधरा दिवसांनी स्मरणपत्र. तरी उत्तर नाही तर माहितीचा अधिकार आहे, १० रुपये फी आणि ३० दिवसांची मुदत. आमच्या कॉलेजच्या मुलींना स्वच्छतागृहाला कडी मिळत नव्हती, दोन वर्षं नुसती कुजबुज होती. बीएच्या एका मुलीनं असा एक पानाचा अर्ज दिला, आठव्या दिवशी सुतार आला. आमच्यातल्या कुणाला ते आधी का सुचलं नाही याची लाज वाटली मला.

आणि पुढारपण या शब्दाला घरचे भितात म्हणून सांगतो, आपल्या मराठवाड्याचा इतिहास विद्यार्थ्यांनीच पुढं नेलाय. १९३८ साली निजामाच्या राज्यात वसतिगृहात वंदे मातरम् म्हणायला बंदी घातली, पोरांनी ऐकलं नाही, उस्मानिया विद्यापीठानं त्यांना काढून टाकलं, मग नागपूर विद्यापीठानं त्यांना जवळ केलं आणि ती तिकडं जाऊन शिकली. पुढं पंतप्रधान झालेले नरसिंह राव त्यातलेच एक. म्हणजे त्यांनी लढा पण दिला आणि डिग्री पण सोडली नाही, हे अभ्यासिकावाल्याला मुद्दाम सांगतोय. तुझ्या विद्यापीठाला ज्यांचं नाव आहे ते स्वामी रामानंद तीर्थ आधी मास्तर होते, हिप्परग्याला आणि मग अंबाजोगाईला, शाळा चालवता चालवता माणसं उभी केली त्यांनी.

वडलांना समारोपाच्या दिवशी गावात बोलाव. तू काय करतेस ते त्यांना बघू दे.

बालाघाटची

मी बीड जिल्ह्यातली, उमेदमध्ये, म्हणजे सरकारच्या बचत गटाच्या अभियानात, सीआरपी आहे, गटांना मदत करणारी गावातलीच बाई, अकरा गट माझ्याकडं. शिक्षण बारावी, त्यामुळं लिहिण्यात चुका झाल्या तर समजून घ्या. पोरी, तू सगळं लिहिलंस आणि जे खरं ते शेवटी दोन शब्दात उरकलंस. आई सचिव आहे आणि नुसती हसती म्हणलीस. अगं बाप्पा, ती कामून हसती ते इचार की तिला!

बचत गटाची पंचसूत्री असती. नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड आन नियमित हिशोब लिहिणं. ह्यात कुठंबी असं नाही की अध्यक्षानं मोठ्यानं बोललं पाहिजे. बैठकीला गोल बसायचं, कुणी खुर्चीवर नाही. चिल्लर सगळ्यांसमोर मोजायची, मोजणारी एक आन लिहिणारी दुसरी. जी बाई कधीच बोलत नाही तिला सगळ्यात आधी इचारायचं, कारण दोन बोलक्या बोलल्या की ती मान डोलावून गप बसती आन मग चार महिन्यांनी कळतं तिला ते पटलंच नव्हतं. माझ्या एका गटात एक बाई सहा महिने हप्ता देत नव्हती, बाकीच्या म्हणल्या काढून टाका. मी घरी गेले तर नवरा पैसे हिसकावून घ्यायचा तिचे. मग ठरवलं का तिची बचत सकाळीच शेजारणीनं घ्यायची, तो उठायच्या आत. आज ती त्याच गटाची कोषाध्यक्ष हाय. तुझ्या गटातली जी सहा पोरं आली नाहीत त्यांच्या घरी-रूमवर काय चाललंय ते तुला माहीत नाही अजून.

बोलण्याचं म्हणशील तर मी पहिल्यांदा बँकेत गेले तेव्हा साहेबानं गटाचं नाव इचारलं आन मला आमच्याच गटाचं नाव आठवंना. घाम फुटला. त्यानंतर मी तीन वाक्यं पाठ करून जायला लागले. मी कोण, काम काय, तुमच्याकडून काय पाहिजे. तीनच. चौथं वाक्य आपोआप येतं. आन भाषा बदलू नको. मी अजूनबी बँकेत असंच बोलते, कर्ज आठ गटाला मिळवून दिलंय. हसणाऱ्याला एकदा हसू दे, दुसऱ्यांदा त्याला तुझं काम दिसतं.

अभ्यासिका_४५

सरांचं १९३८ चं वाचलं. मला फक्त नरसिंह राव पंतप्रधान होते एवढंच पाठ होतं, हे कुणी असं सांगितलं नव्हतं. माझा मुद्दा मी पूर्ण मागं घेत नाही पण अर्जाचं आणि वहीचं पटलं. आमच्या अभ्यासिकेत उन्हाळ्यात पंख्याखालच्या जागेवरून रोज भांडण असतं, उद्या नंबर टाकून बघतो.

अहमदपूरची_लेक

सगळ्यांना उशिरा लिहायले, माफ करा. कॅम्प होऊन चार दिवस झाले, काल हॉस्टेलला परत आले.

बालाघाटच्या ताई, तुमचं वाचून त्याच रविवारी गावाकडं गेले आणि आईला विचारलं. तिनं ट्रंकेतून गटाच्या वह्या काढल्या, नऊ वर्षाच्या, एकीवर एक दोऱ्यानं बांधलेल्या. आई सातवी शिकलेली आहे, अक्षर मोठं मोठं आणि एकाही पानावर खाडाखोड नाही. चूक झाली तर एक रेघ मारून वर बरोबर आकडा आणि बाजूला तीन बायांच्या सह्या. मला म्हणली, खोडायचं नाही, खोडलं की माणसाला शंका येती. मी एवढी वर्षं त्या वह्या घरात बघते, कधी उघडल्याच नव्हत्या. हसायची कशाला ते विचारलं तर म्हणली, मला सचिव केलं तेव्हा मी पण दोन दिवस जेवले नव्हते.

मग मी सहाच्या सहा जणांना एकेकटं गाठलं. एक जण सकाळी दुधाच्या गाडीवर जातो, त्याला आमची मिटिंगची वेळच जमत नव्हती. ‘तू बघ की’ म्हणणारा पोरगा, त्याला खरंच काहीच येत नव्हतं आणि तो बोलून दाखवायला तयार नव्हता. त्याला मी सामान आणायचं आणि गिरणीचं काम दिलं कारण त्याच्याकडं गाडी आहे. पहिल्या रात्री भांडी आमच्या गटानं घासली, कढईला बेसन लागलेलं, राखेनं घासून घासून माझी नखं काळी झाली. तो पोरगा आधी लांब उभा होता, मग बादलीनं पाणी आणून ओतायला लागला. चौथ्या दिवशी तो चुलीपुढं बसून भाकरी भाजत होता, थापायला नाही आल्या पण भाजायला शिकला. मुलींनी शोषखड्डे खंदले, अकरा झाले एकूण.

हिशोब रोज रात्री शाळेच्या फळ्यावर लिहायचे, सगळ्यांसमोर. दुसऱ्या दिवसापासून जेवण झालं की पोरं आपोआप फळ्यापाशी येऊन वाचायची, डाळ एवढी महाग आहे का म्हणायची. ताटात टाकून देणं कमी झालं, हे मी कुणाला सांगितलं पण नव्हतं.

समारोपाला वडील आले होते. मी तीन वाक्यं ठरवून उभी राहिले, आवाज कापलाच, पण ‘आम्ही सात दिवस इथं राहायलोत’ म्हणलं तर गावातल्या बाया पुढं सरकून बसल्या. वडील काही बोलले नाहीत, जाताना एसटीत बसले आणि खिडकीतून म्हणले वही नीट ठेव.

आता एकच अडचण आहे. शेवटचा हिशोब जुळवायले तर १४० रुपये कमी पडायलेत. खर्च झालेत हे नक्की कारण पैसे फक्त माझ्याच डब्यात होते. तीनदा बेरीज केली. उद्या सरांना वही द्यायचीय. मैत्रीण म्हणते स्वतःचे टाकून मोकळी हो. मला ते बरोबर वाटंना पण जयंतीचं परत आठवायलंय.

गोदाकाठ

स्वतःचे टाकू नको. टाकलेस तर वही खोटी होती, जरी पैसे तुझे असले तरी. ज्याची पावती मिळत नाही ती कामं आठव. दूध, कोथिंबीर-मिरची, काडीपेटी, ऑटोचं भाडं, दळण. आणि ज्याच्या ज्याच्या हातात तू एकदा तरी पैसे दिलेस त्या प्रत्येकाला विचार.

बालाघाटची

आन नाहीच सापडलं तर सरांपुढं तसंच लिही, १४० रुपये लिहायचे राहिले, कशाचे ते सापडले नाहीत. आईसारखी सही कर खाली. माझ्या वहीत असे दोन ठिकाणी हायेत आन ऑडिटवाल्यानं त्यावर कधी बोट ठेवलं नाही.

अहमदपूरची_लेक

सापडले! दळण. तिसऱ्या दिवशी मी चुलीपाशी होते, हात पिठात होते, म्हणून त्या गिरणीचं काम दिलेल्या पोराला म्हणलं डब्यातून पैसे घे. त्यानं २० किलो दळून आणलं, ७ रुपये किलोनं, येऊन सांगितलं पण होतं पण माझ्या कानावरून गेलं. आज विचारलं तर त्याला तारखेसकट आठवत होतं, गिरणीवाल्याच्या पाटीचा फोटो पण होता त्याच्या मोबाईलमध्ये.

जुना आकडा खोडला नाही. एक रेघ मारली, वर नवीन लिहिला, त्याची सही घेतली, माझी केली. तिसरी सही कुणाची घ्यावी म्हणून खाली आले तर तो दुधाच्या गाडीवाला भेटला, त्याची घेतली.